उसने ठोके

रविवारी सकाळी हेमांगी मैदानावर पोहोचली तेव्हा लेझीम निम्मी होऊन गेली होती, आणि आईला टोमणा मारायला आयतीच संधी मिळाली.

“आल्या बघा पुण्याच्या पाहुण्या! संपत आलं की यायचं, म्हणजे हातात लेझीम घ्यायला नको.”

गोलातल्या बायका हसल्या, पण ठेका चुकला नाही. मिरजेतल्या त्या लहानशा मैदानावर चिंचेच्या झाडाजवळ साठी-सत्तरीच्या बायका गोल करून खेळत होत्या. पदर खोचलेले, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. उजवीकडे पाऊल, डावीकडे पाऊल, मग कमरेत वाकून जमिनीलगत एक खणखणीत झंकार. हेमांगीची आई, विजयमालाबाई, मधोमध उभ्या होत्या, गळ्यात शिट्टी. मुलींच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर पी.टी. शिकवली होती. निवृत्त झाल्यावर घरात त्यांचं मन रमेना, तेव्हा विद्यार्थिनींच्या आया, सासवा, शेजारणी गोळा करून त्यांनी हे पथक उभं केलं. सगळ्या त्यांना अजून ‘बाई’च म्हणत.

“तू का नाही खेळत?” खेळ संपल्यावर हेमांगीनं विचारलं.

“पुढाऱ्यानं नाचायचं नसतं. दुसऱ्यांना नाचवायचं.”

पद्माक्का यावर जरा जास्तच मोठ्यानं हसली. पद्मावती मगदूम, भिंतीला भिंत लागून राहणारी शेजारीण. हेमांगीचे वडील लवकर गेले, आई शाळेत, त्यामुळे तिचं निम्मं लहानपण अक्काच्या स्वयंपाकघरात गेलं होतं. पन्नाशी ओलांडलेल्या हेमांगीला अक्का अजून ‘हेमे’ म्हणत असे.

दुपारी आईनं ज्वारीची भाकरी आणि वांग्याची भाजी केली. जेवल्यावर ती आडवी झाली. एरवी ती दुपारी झोपत नसे. उशाशी ठेवलेल्या तिच्या हाताकडे हेमांगीचं लक्ष गेलं. मनगट मोकळं होतं, नाडी मोजणाऱ्या पट्ट्याच्या जागी नुसता फिकट वळ.

“पट्टा कुठंय?”

“चार्जिंगला लावलाय. सारखी तपासत जाऊ नकोस गं, मी काय तुझं पाठ्यपुस्तक आहे?”

संध्याकाळी निघताना आई फाटकापर्यंतच आली. “स्टँडवर कशाला येऊ, उगीच धूळ खायला,” म्हणाली. हेमांगीनं वाकून नमस्कार केला. आईनं तिच्या पाठीवर थाप मारली, शाळेतल्या मुलींना मारायची तशी, शाबासकीची. इलेक्ट्रिक बस कराडच्या पुढं गेल्यावर हेमांगीनं फोन उघडून पाहिला. आईच्या नावापुढचं वर्तुळ हिरवंगार होतं. तिनं फोन पर्समध्ये टाकला आणि डोळे मिटले.

*

त्या हिरव्या वर्तुळावर हेमांगीचा विश्वास होता, आणि तो भाबडा नव्हता. ती पुण्यात विज्ञानाच्या शालेय पुस्तकांचं संपादन करत असे. ‘वर्तुळ योजना’ हा धडा नववीच्या पुस्तकात आला, त्यातलं वाक्य न् वाक्य तिनं तपासलं होतं.

माणसाचं हृदय घड्याळासारखं एकसारखं चालत नाही. श्वास घेताना ठोके किंचित जलद पडतात, सोडताना किंचित मंदावतात. अनेक माणसं एकाच ठेक्यावर हालचाल करू लागली की आधी त्यांची पावलं जुळतात, मग श्वास जुळतात आणि श्वासामागोमाग हृदयाची ही जलद-मंद लयही जुळत जाते. इतपत पूर्वीपासून माहीत होतं. नवा शोध पुढचा होता. ज्या वयस्कर स्त्रिया वर्षानुवर्षं ठरावीक गटात व्यायाम करत होत्या, त्यांचा रक्तदाब, त्यांची झोप, त्यांचं पडणं-धडपडणं, त्यांचं मन, सगळंच सुधारलं होतं. तोच व्यायाम घरी एकटीनं करणाऱ्या स्त्रियांना निम्माही फायदा झाला नव्हता. जितका लयीचा मेळ घट्ट, तितकं दवाखान्यात जाणं कमी. आणि दवाखाना कमी म्हणजे खर्च कमी.

विमा कंपन्यांना हे कळायला वेळ लागला नाही. साठीनंतरच्या बाईला एकटीनं विमा घ्यायचा तर हप्ता ऐकूनच छातीत धडधडायचं. तिथं त्यांनी गटाला विमा द्यायला सुरुवात केली. सगळ्या जणी मिळून एक वर्तुळ. रोज एकत्र व्यायाम करा, मनगटावर पट्टा बांधा, मेळ टिकवा, हप्ता निम्मा. मात्र गटातली एक जण जरी आजारी दिसू लागली, तिचा पट्टा पिवळा झाला, तर सगळ्यांचा हप्ता वाढणार. त्या पट्ट्यात आणखी एक सोय होती. नाडी धोक्याची वाटली तर तो स्वतःच अँब्युलन्स बोलावत असे.

एकीचा पट्टा दुसरीनं बांधला तर? त्याचाही विचार झाला होता. प्रत्येकाच्या रक्तवाहिन्यांचा ताठरपणा वेगळा, हृदयाची ठेवण वेगळी, त्यामुळे नाडीच्या प्रत्येक लाटेचा आकार वेगळा. पट्टा त्या आकारावरून आपला मालक ओळखी. धड्यातलं शेवटचं वाक्य हेमांगीनं स्वतः बसवलं होतं: ‘नाडीचा ठसा दुसऱ्याला उसना देता येत नाही.’

*

सोमवारी सकाळी ऑफिसला निघताना तिनं सवयीनं फोन पाहिला. वर्तुळ हिरवं. खाली अक्षरं: ‘व्यायाम पूर्ण. गटाशी मेळ उत्तम.’ काल झोपून होती, आज बरी आहे, असं मनात म्हणून तिनं चपला घातल्या.

ऑफिसात चहा येतो न येतो तोच अक्काचा फोन आला. मागून बायकांच्या रडण्याचा आवाज येत होता.

“अक्का, काय झालं?”

“हेमे, ये गं लवकर. बाई गेल्या.”

हेमांगीनं बधिरपणे पुन्हा वर्तुळ उघडलं. आता ते राखाडी होतं. पण ‘मेळ उत्तम’ ही अक्षरं तशीच होती.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, पहाटेच्या सुमारास, झोपेतच असावं. त्रास झाला नसणार. येणारा प्रत्येक जण हेच म्हणत राहिला. त्रास झाला नाही, हात-पाय चालते असताना गेल्या, पुण्यवान. हेमांगी मान डोलवत राहिली. पहाट आणि सकाळ यांतलं अंतर तिला त्या दिवसांत दिसलंच नाही. दुःखात माणसाला वेळेचा हिशोब राहत नाही.

तो हिशोब घेऊन दुसरंच कुणीतरी आलं.

*

तेराव्याची भांडी अजून अंगणात पालथी पडली होती. विमा कंपनीची तपासनीस, अश्विनी बिरनाळे नावाची तिशीची मुलगी, संकोचून खुर्चीच्या कडेला बसली.

“मॅडम, अशा वेळी यायचं म्हणजे… पण विचारावं लागतं. दाखल्यावर मृत्यूची वेळ पहाटेची आहे. आणि हे बघा.”

तिनं पडदा हेमांगीकडे वळवला. एक रेघ डोंगरासारखी चढत, उतरत, पुन्हा चढत गेली होती. वर लिहिलं होतं: विजयमाला कुरणे. दिवस सोमवारचा. वेळ लेझमीची.

“दोन्हींतलं एक चूक आहे,” अश्विनी म्हणाली. “डॉक्टरांचा अंदाज चुकू शकतो. आई मैदानावर जाऊन आल्या आणि घरी येऊन गेल्या, असंही असेल. तसं असेल तर प्रश्न मिटला. नाहीतर…”

“नाहीतर?”

“पट्टा दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर होता. मग वर्तुळ बाद होतं. सगळ्यांचा विमा थांबतो, चालू उपचारसुद्धा. इथल्या एका पेशंटची कॅन्सरची ट्रीटमेंट चाललीय, मला माहितीय. म्हणून मी आधी तुमच्याकडे आले. त्या सकाळी आईंशी फोनवर बोलणं झालं होतं का तुमचं?”

हेमांगीनं पडद्यावरची वेळ पुन्हा वाचली.

“जवळच्या नातेवाइकाचा शब्द आम्हाला पुरतो, मॅडम. फोन वगैरे कुणी तपासत नाही. तुम्ही आठवून ठेवा. उद्या सकाळी मी मैदानावर येते, सगळ्यांसमोर रेकॉर्ड करावं लागतं.”

ती गेल्यावर हेमांगीनं फोन काढून ते राखाडी वर्तुळ पुन्हा उघडलं. त्या सकाळी तिनं तेच पाहिलं होतं, हिरव्या रंगात. ते पाहून ती निर्धास्त झाली होती. आणि तेव्हा आई आतल्या खोलीत गार पडलेली होती.

*

अक्का मागच्या अंगणात हरभरे पाखडत होती. हेमांगीनं सुपावर हात ठेवला.

“सोमवारी आईचा पट्टा कुणाच्या अंगावर होता?”

अक्कानं नाकारलं नाही. तिनं ब्लाउजची बाही वर सरकवली. गोऱ्या, सैल पडलेल्या दंडावर पट्ट्याचा वळ होता, हेमांगीनं आईच्या मनगटावर पाहिलेल्या वळासारखाच.

“माझ्या,” ती म्हणाली. “दिवाळीपासनं.”

“शक्य नाही ते. पट्ट्याला कळतं.”

“आमच्यातला फरक न्हाई कळत त्याला.” अक्कानं सूप बाजूला ठेवलं. “पथकातल्या नूरजहाँच्या नातीचं लग्न होतं बघ. सगळ्या मेंदी काढून घ्यायला बसलो. पट्टे काढून एका ताटात ठेवले. हात धुऊन जिला जो गावला तिनं तो बांधला. दुसऱ्या दिवशी लेझीम खेळलो, सगळं हिरवं. रात्री सुलूच्या ध्यानात आलं की तिच्या पट्ट्यामागं माझं नाव. एवढं हसलो गं! बाई म्हणाल्या, बघा, मशीनलासुद्धा आपण एकच बाई वाटतो.”

हेमांगीच्या डोक्यात धड्याचं पान उलगडलं. वय वाढतं तशी नाडी बदलते, म्हणून पट्टा आपल्या मालकाचा ठसा रोज थोडाथोडा सुधारून घेत असे. त्यासाठी तो व्यायामाचा तास निवडी, कारण तेव्हा नाडी सर्वांत स्पष्ट उमटते. आणि नेमक्या त्याच तासाला या बायकांची हृदयं एका लयीत चालत. वर्षानुवर्षं प्रत्येक पट्टा आपली बाई शिकण्याऐवजी सगळ्यांचं सारखेपण शिकत गेला होता. ज्या मेळासाठी यंत्र बसवलं, त्या मेळानंच यंत्राला आंधळं केलं होतं. एरवी हे कळलं असतं तर हेमांगीला नवल वाटलं असतं. कदाचित आनंदही.

“मग सुरू झालं,” अक्का म्हणाली. “सुलूचा गुडघा दुखला, मी बांधला. मला ताप आला, बाईंनी बांधला. तेवढ्यापुरतंच हां. आणि मग बाईंना धाप लागायला लागली.”

“कधी?”

“सांगितलं की, दिवाळीला. पाण्याची घागर उचलली की खाली बसायच्या. रात्री उशा लावून झोपायच्या.”

“आणि तू गप्प बसलीस.”

“शपथ घातली मला. नूरजहाँची कॅन्सरची इंजेक्शनं अर्ध्यावर आलेली. पट्टा पिवळा झाला असता तर हप्ता वाढला असता, निम्म्या बायका गळाल्या असत्या. वर्तुळ मोडलं की तिचं औषध बंद. बाई म्हणाल्या, तेवढी इंजेक्शनं होऊ देत, मग दाखवते.”

“रविवारी मी इथं होते, अक्का. दिवसभर. तुझ्या हातचा चहा प्यायले.”

अक्कानं बाही पुन्हा खाली ओढली.

“तो पट्टा रात्री तिच्या हातात असता तर अँब्युलन्स आली असती. हॉस्पिटल इथून दिसतं, अक्का. गच्चीवर गेलं की दिसतं.”

“मला काय ठाऊक न्हाई होय?” अक्काचा आवाज फुटला. “त्या रात्री मी गाढ झोपले होते. तिचा पट्टा बांधून! सकाळी म्हटलं बाई दमल्यात, झोपू दे, खेळून आल्यावर उठवू. तुला काय वाटतं, माझ्या डोक्यात दुसरं काही येत असंल?”

तेवढ्यात फाटक वाजलं. पथकातली सुलूमावशी, कमरेवर डबा घेऊन, एक पाय ओढत आत आली. दोघींचे चेहरे पाहून तिला काय ते कळलं.

“कळलं का तुला? बरं झालं,” ती म्हणाली. “मग उद्या त्या पोरीला काय सांगणार? का सगळ्यांनाच बुडवणार?”

“सुलू, गप बस.”

“का गप बसू? ही महिन्यातनं एकदा यायची बिस्किटाचा पुडा घेऊन, आणि फोनात हिरवा गोल बघून खुशाल राहायची. बाईंचं डोकं दुखलं तर चेपायला आम्ही होतो. त्यांना कोण पाहिजे होतं ते त्यांनी ठरवलं.”

हे वाक्य हेमांगीला लागलं, कारण त्यात चुकीचं काही सापडेना.

सुलूमावशी गेल्यावर ती अक्कासमोर उकिडवी बसली. “अक्का, नुसत्या हप्त्यासाठी आई एवढं करणार नाही. तिला हप्ता मागता आला असता, मी दिला असता. अजून काहीतरी आहे. सांग.”

अक्कानं सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. मग सुपातले हरभरे बोटांनी इकडून तिकडे सरकवत म्हणाली, “तुला कळलं असतं तर तू तिला पुण्याला नेली असतीस. बाई म्हणायच्या, हेमा वाईट न्हाई, पण ती मला फ्लॅटमध्ये ठेवील, दार लावून ऑफिसला जाईल, आणि मी खिडकीतनं पार्किंग बघत मरायचं. त्यापेक्षा इथं तुमच्यात मरते.”

हेमांगी उठली. अक्कानं “हेमे” म्हणून हाक मारली, तिनं मागं वळून पाहिलं नाही.

*

दुपारी नूरजहाँचाची स्वतःच आल्या. डोक्याला रुमाल बांधलेला, भुवया गळालेल्या, भिंतीचा आधार घेत. पट्ट्यांच्या अदलाबदलीतलं आईचं प्रकरण त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं, हे त्यांच्या बोलण्यावरून कळत होतं.

“तुझी अम्मी प्रत्येक इंजेक्शनला माझ्यासोबत यायची, बेटा. दिवस-दिवस बाहेरच्या बाकड्यावर बसायची. मी म्हणायचे, बाई, दमला तुम्ही, घरी जा. ऐकेल तर ना.”

हेमांगीनं त्यांना पाणी दिलं. तिच्या डोळ्यांपुढे तो बाक आला. हॉस्पिटलचा बाक. येणारे-जाणारे डॉक्टर, समोरून सरकणारी ईसीजीची गाडी, आणि तिथं धाप दाबत, ताठ बसलेली आई. आतल्या बाईसाठी आलेली. स्वतःसाठी दार ढकलायला दोन पावलं लागली असती.

“घरून कुणी सोबत यायचं नाही का तुमच्या?” हेमांगीनं काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

“पोरं कामावर. आणि बाईंसारखं कोण बसतं? त्या असल्या की डर वाटायचा नाही.”

चाची गेल्यावर हेमांगीला रडू आलं, पण ते दुःखाचं नव्हतं. तिला राग आला होता. गेलेल्या माणसावर रागवायचं नसतं म्हणून ती इतके दिवस डॉक्टरांवर, अक्कावर, त्या पट्ट्यावर रागवत आली होती. पट्टा बिचारा दाखवायचं ते दाखवत होता. फसवलं आईनं होतं. शांतपणे, ठरवून, वांग्याची भाजी वाढता वाढता.

आणि तो धडा? तोही खोटा नव्हता. वर्तुळातल्या बायकांचा दवाखान्याचा खर्च खरोखरच कमी झाला होता. त्यातला काही लेझमीनं कमी केला होता आणि काही तोंड दाबून बसण्यानं. यातलं कुठलं किती, हे आता कुणालाच वेगळं काढता आलं नसतं.

तिच्यासमोर दोनच वाटा होत्या. खरं सांगावं, तर चाचींचं औषध बंद. खोटं सांगावं, तर आईनं जे केलं ते पुरं करायला आपणही हात लावायचा. आईच्या मरणाची खरी वेळसुद्धा पुसून टाकायची.

*

सकाळी ती अश्विनीच्या आधी मैदानावर पोहोचली. बायका आलेल्या होत्या, पण लेझमी जमिनीवर पडून होत्या. मधली जागा रिकामी होती. तिच्याकडे बघायचं सगळ्या जणी टाळत होत्या.

“कुणाचा पट्टा कुणाच्या अंगावर आहे?” हेमांगीनं विचारलं.

एकदोघींनी पदर मनगटावर ओढले.

“ती मुलगी येईल तेव्हा मी काय बोलायचं ते बोलेन. पण त्याआधी प्रत्येकीनं आपापला पट्टा आपल्या हातात बांधायचा. आत्ता, माझ्यासमोर. नाहीतर मी खरं सांगते.”

“अगं पण—” सुलूमावशीनं सुरुवात केली.

“तुमचा कुठंय, मावशी?”

सुलूमावशीनं शेजारणीकडे पाहिलं. शेजारणीनं बाही वर केली. मग दुसरीनं पदराखाली हात घातला, तिसरीनं पायातला मोजा खाली सरकवला. पट्टे निघू लागले, या हातातून त्या हातात जाऊ लागले. देवळात प्रसाद फिरावा तसे, न बोलता. हेमांगीला वाटलं होतं एक-दोन असतील. गोलातल्या अर्ध्याहून जास्त बायकांच्या अंगावर दुसरीचा पट्टा होता, नाहीतर त्यांचा पट्टा दुसरीच्या अंगावर होता.

सुलूमावशीनं आपला पट्टा मनगटाला बांधला. तो थोडा वेळ हिरवा राहिला, जणू विचार करत होता, आणि मग पिवळा झाला. पलीकडे आणखी एक पिवळा झाला. सुलूमावशी त्याकडे अशी बघत राहिली, जणू कुणी तिला भरचौकात नावानं हाक मारली असावी.

“दवाखान्यात जायचं,” हेमांगी म्हणाली. “आजच. हप्ता वाढला तर वाढू दे. मी भरेन, वर्गणी काढू, काहीही करू. पण कुणी कुणाच्या नावानं जगायचं नाही.”

अक्कानं तिच्या दिशेनं एक पाऊल टाकलं. हेमांगीनं हात वर करून तिला थांबवलं. माफ करायला ती आलेली नव्हती.

अश्विनी स्कूटरवरून उतरली. तिनं पिवळे पट्टे पाहिले, बायकांचे चेहरे पाहिले, आणि तिच्या ध्यानात काहीतरी आलं असावं. पण ती फक्त एवढंच म्हणाली, “मेळ आज बिघडलेला दिसतोय.”

“दुःखात आहेत,” हेमांगी म्हणाली.

अश्विनीनं फोन पुढे धरला, त्यावर लाल ठिपका लागला. “तुमचं नाव, नातं सांगा.”

“हेमांगी कुरणे. मुलगी.”

“सोमवारी सकाळी तुमचं आईंशी बोलणं झालं होतं?”

चिंचेखाली कुणाच्या तरी हातातली लेझीम किंचित वाजली आणि लगेच कुणीतरी ती मुठीत दाबून धरली. नूरजहाँचाची कठड्यावर बसल्या होत्या, काय चाललंय ते न कळून प्रत्येकीकडे बघत.

“हो,” हेमांगी म्हणाली. “झालं होतं. ती मैदानावरून घरी आली होती. मी ऑफिसला निघता निघता फोन केला.”

ती बोलली आणि तिची आई तेवढा वेळ आणखी जगली. तेवढा वेळ लेझीम खेळली. कोणाच्या तरी तोंडून सुस्कारा सुटला.

“तब्येतीबद्दल काही म्हणाल्या?”

“नाही. तिनं मला कधीच काही सांगितलं नाही.”

“थोडक्यात काय बोलणं झालं, तेवढं सांगा म्हणजे संपलं.”

हेमांगीनं उत्तर तयार ठेवलं होतं. हवा, भाजी, पुढच्या रविवारी येते. रोज बोलतो तसं. तिनं तोंड उघडलं, आणि त्या बायकांकडे, त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. अशाच जागी उभं राहून आई आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलींना हाका मारत आली होती.

“मी म्हटलं, आई, तू मला काही सांगत नाहीस. तुला वाटतं, मी तुला उचलून पुण्याला नेईन.” तिचा आवाज स्थिर होता, फक्त नेहमीपेक्षा मोठा. “मी म्हटलं, मला तिथं करमत नाही, आई. कधीच करमलं नाही. संध्याकाळी दार उघडायला नको वाटतं. तुझ्याभोवती एवढ्या बायका, मला वाटायचं, माझ्यापुरती जागाच नाही इथं, म्हणून मी कधी विचारलं नाही. तू एकदा, नुसतं एकदा, ये म्हणाली असतीस, तर मी सगळं सोडून तुझ्याकडे राहायला आले असते.”